मानस

शाळेच्या पुस्तकात होतं : मानस म्हणजे मन.
आमच्या चोडणात मानस म्हणजे दार,
बांधाच्या पोटातलं, ऐनाच्या फळ्यांचं,
एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेत.
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला आपण होऊन उघडतं.
बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या,
म्हणाल्या, एकच गं ते, कोन्सेसांव.
मला कळलं नाही. मी आठ वर्षांची होते.

बावीस वर्षं रोमाल्दने मानस राखलं.
सांजांवच्या दुसऱ्या सकाळी तो न्हाणीत पडला.
उजवी बाजू गेली, वाचा गेली.
राहिला एक डावा हात
आणि दोन डोळे, घरभर माझ्यामागे फिरणारे.
गावकारीचा कारकून दारात उभा राहून म्हणाला,
आता मानस कोण बघणार?
मी म्हटलं, मी.

मग रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन बांधावर,
गुडघाभर चिखल, पायाला खेकड्याचा डंख,
आणि घरी आल्यावर त्याची चादर बदलणं.
पाद्री मार्सियान आले. म्हणाले,
देव आपल्या लाडक्यांनाच पारखतो.
मी चहा पुढे केला
आणि मनात म्हटलं, मग मला लाडकी नको करूस.
संध्याकाळी तेर्सात दुःखाची रहस्यं आली
की माझे ओठ मिटायचे.
मणी नुसते पुढे सरकायचे.

भात कापून झालं.
पुढचं काम मला ठाऊक होतं :
झडप वर बांधायची, खारं पाणी आत घ्यायचं.
मी घेतलं नाही.
किती खारट यायचं अजून या घरात?
एक शेत तरी गोडं राहू दे.

शेत गोडं राहिलं नाही. वाळलं.
बांधाला भेगा पडल्या, फळ्या तडकल्या,
लव्हाळा माजला कमरेइतका.
रोमाल्दने खुणेने पेन्सिल मागितली.
कॅलेंडरच्या पाठीवर डाव्या हाताने
वाकडी रेघ काढली, तीत एक फट,
आणि बाण. आतल्या बाजूला.
मी म्हटलं, बरं.
तरी तीन दिवस गेले नाही.

राखेच्या बुधवारी, भर दुपारी,
कपाळावरची राख घामाने नाकावर उतरलेली,
तशीच बांधावर गेले.
झडप एकटीने उचलेना.
तिला शिव्या घातल्या, कोणाला तरी शिव्या घातल्या,
पुन्हा खांदा लावला
आणि ती उठली.
कशी, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.
पाणी आत आलं, करडं, फेसाळ, घाई नसलेलं,
आणि मी तिथेच चिखलात बसून रडले,
आठ महिने न रडलेलं.
पाण्याबरोबर शेवटे आले, कोळंबी आली,
बोटाएवढे खेकडे आले,
मी न बोलावलेले सगळे.

जुलैत पावसाने मीठ धुतलं.
सगळं नाही.
कोरगुटाला सगळं धुतलेलं लागतही नाही.

रोमाल्द उठला नाही.
मोठ्या मिठागरासारखा पांढरा होत गेला
आणि नोव्हेंबरात गेला.
शेवटची पेज नव्या कोरगुटाची, तीन चमचे.
चौथ्याला त्याने तोंड मिटलं
आणि डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

हे दुःख देवाने धाडलं असं म्हणायला
माझी जीभ अजून रेटत नाही.
पाद्रींनी माफ करावं.
पण इगर्जीत खुरसाखाली बसले
की हल्ली त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही,
गुडघ्यांकडे बघते.
इतकी वर्षं मला ते स्वच्छ दिसायचे.

उद्या अमावास्या. उधाणाची भरती.
बॅटरीत नवे सेल घातलेत.
बाई, तुम्ही म्हणाला होतात ते एकच आहे की नाही,
अजून बघतेय.
पण दोन्ही कोरडी ठेवली की तडकतात,
एवढं कळलंय.